झेल सोडला, पाडला की पडू दिला?

प्रश्न असा आहे: बेसबॉलचे नियम मराठीत आणताना, इन्फील्डरने (मैदानाच्या आतल्या भागातल्या क्षेत्ररक्षकाने) हातात आलेला चेंडू मुद्दाम खाली टाकला तर ‘झेल सोडला’ म्हणायचं का?

मी तरी म्हणणार नाही. क्रिकेटमुळे ‘झेल सोडला’ कानात पक्का बसला आहे, आणि त्यात हेतू नसतो, ठपका असतो. ‘स्लिपमध्ये दोन झेल सोडले’ म्हणजे घ्यायला हवे होते, जमले नाहीत. ‘झेल सुटला’ म्हटलं की तीच चूक जरा सांभाळून घेतली. पण चेंडू हवा होता, हे दोन्हींत गृहीत.

बेसबॉलच्या या नियमात तो नकोच असतो. पहिल्या बेसवर (धावून गाठायच्या पहिल्या ठाण्यावर) धावक आहे, अजून दोन जण बाद झालेले नाहीत. सोपा झेल उडाला की धावक बेसपाशीच थांबतो. चेंडू जमिनीवर आला तर मात्र त्याला पुढे पळावंच लागतं, आणि एकाऐवजी दोघे बाद करता येतात. म्हणून चेंडू मुद्दाम खाली टाकला की पंच तिथेच खेळ थांबवतो, बॅटरला बाद देतो आणि धावकांना परत पाठवतो.

यासाठी ‘चेंडू पाडला’ हाच शब्द. हात न लावता समोर टप्पा पडू दिला, तर तो ‘पडू दिला’. तिथे हा नियम लागत नाही, खेळ चालू राहतो. पाडणे आणि पडू देणे यांतला फरक मराठी क्रियापदातच आहे, तो वापरावा!

अपवाद इन्फील्ड फ्लायचा. पहिला आणि दुसरा बेस भरलेले असताना इन्फील्डरला सहज घेता येईल असा उंच चेंडू उडाला, तर पंच तो हवेत असतानाच बॅटरला बाद ठरवतो. मग हेतू कोणी विचारत नाही. ५ ऑक्टोबर २०१२ ला अटलांटात ब्रेव्ह्ज-कार्डिनल्स सामन्यात शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला इन्फील्डर) पीट कोझ्मा मागे धावत चेंडूखाली गेला आणि ऐनवेळी बाजूला झाला. चेंडू त्याच्या आणि मागून आलेला डावा क्षेत्ररक्षक मॅट हॉलिडे यांच्या मध्ये पडला. बॅटर बाद! प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, खेळ १९ मिनिटं थांबला. तिथे नुसतं ‘पडला’ लिहावं.

‘सुटला’ला एक जागा आहेच. झेल पूर्ण घेतला आणि फेकायला हात मागे नेताना चेंडू निसटला, तर पंच झेल ग्राह्य धरतो. तिथे झेल सुटत नाही, चेंडू सुटतो.