जुन्या बेलरचा शाफ्ट पुन्हा पुन्हा का तुटतो? वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न (घोटी, ता. इगतपुरी): आमचा चौकोनी गठ्ठ्यांचा जुना बेलर (पेंढ्याचे गठ्ठे बांधणारं यंत्र) पावसाळाभर शेडमध्ये उभा होता. भाताचा पेंढा बांधायला काढला तर पहिल्याच दिवशी शाफ्टचा ट्रॅक्टरकडचा क्रॉस (सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा) फुटला आणि तो धरणाऱ्या योकचा कान तुटला. दोन्ही नवे टाकले, तेही लगेच गेले. माल नकली असेल का?

उत्तर: मालाला दोष देण्याआधी स्लिप क्लच उघडून बघा. इगतपुरीच्या पावसाळी ओल्या हवेत चार महिने उभ्या राहिलेल्या बेलरच्या क्लच प्लेटा गंजून एकमेकींना चिकटतात. जास्त लोड आला की घसरून शाफ्टला वाचवणं हे त्या क्लचचं काम. तो चिकटला की पेंढ्याचा पहिला मोठा लोंढा थेट क्रॉसवर येतो. तुम्ही तुटलेला भाग बदललात, तोडणारं कारण मात्र जागेवरच राहिलं.

क्लच असा मोकळा करा. आधी प्रत्येक स्प्रिंगची लांबी मोजून लिहून ठेवा. प्लेटांच्या कडेवर खडूने एक आडवी रेघ मारा. सगळे नट सारखे ढिले करा, स्प्रिंगा जेमतेम धरून राहतील इतके. आता इंजिन कमी आरपीएमवर ठेवून पीटीओ (ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणारा फिरता दांडा) दोन-तीन सेकंद लावा आणि बंद करा. बेलरचं जड फ्लायव्हील (फिरतं चाक) एकदम वेग घेत नाही, त्यामुळे क्लच घसरायला हवा. इंजिन बंद करून रेघ बघा. ती तुटून पुढे-मागे झाली असेल तर प्लेटा सुटल्या. नट पुन्हा लिहून ठेवलेल्या लांबीपर्यंतच आवळा. रेघ तशीच असेल तर क्लच खोला, प्लेटांचा गंज पॉलिश पेपरने काढा, तेलकट किंवा झिजलेलं लायनिंग बदला. स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकेपर्यंत आवळलेला क्लच म्हणजे क्लच नसल्यासारखाच. असे बेलर फार दिसतात आणि शाफ्ट तुटण्याचं ते मोठं कारण आहे. हंगाम संपला की याच स्प्रिंगा ढिल्या करून ठेवल्या तर पुढच्या वर्षी प्लेटा चिकटत नाहीत.

प्रश्न (सिन्नर): दुकानातून आणलेला क्रॉस दिसायला तसाच आहे, पण सर्कलिप (कप जागेवर धरणारी कडी) बसल्यावरही आडवा हलतो. पातळ वॉशर टाकला तर चालेल का? आणि क्रॉस घरी बसवता येतो का?

उत्तर: वॉशर टाकू नका, तो क्रॉस परत करा. क्रॉस नजरेने निवडायची वस्तूच नाही. व्हर्नियरने दोन मापं घ्या: कपचा (क्रॉसच्या टोकावरच्या बेअरिंगच्या टोपीचा) बाहेरचा व्यास आणि समोरासमोरच्या दोन कपांच्या टोकांमधलं अंतर. 27 × 70 आणि 27 × 74.6 मिमी हे दोन्ही क्रॉस बाजारात सर्रास मिळतात. कप एकाच व्यासाचा असल्यामुळे लहान क्रॉस मोठ्या योकमध्ये आरामात जातो आणि मग तुमच्यासारखा आडवा खेळतो. जुना क्रॉस सोबत न्या, पण मापं कागदावर लिहूनही न्या. जुन्याची टोकं झिजलेली असतात.

घरी बसवता येतो, मात्र चांगला व्हाइस हवा. चारही सर्कलिप काढा. एका बाजूला कपपेक्षा लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला कप आत मावेल असं मोठं सॉकेट ठेवून व्हाइसने दाबा, म्हणजे कप बाहेर सरकतो. योकच्या कानावर घण घालू नका. कान किंचित वाकला तरी भोकं एका रेषेत राहत नाहीत. नवा कप रिकाम्या योकमध्ये बसवून पाहा. तो नुसत्या बोटाने आत-बाहेर होत असेल तर भोक ढिलं झालंय, योकच बदला. कपातले नीडल रोलर (सुईसारखे बारीक रोलर) ग्रीस लावून भिंतीला चिकटवून ठेवा आणि कप सरळ दाबा. दाबताना एखादा रोलर आडवा पडला तर कप पूर्ण खाली बसत नाही, सर्कलिप खाचेत जात नाही. अशा वेळी ठोकून सर्कलिप बसवणाऱ्याचा क्रॉस दोन दिवसांत फुटतो. ग्रीस निप्पल अशा बाजूला ठेवा जिथे गन पोचेल. शेवटी जॉइंट हाताने चारही दिशांना फिरवा. एका दिशेला जड वाटला तर योकच्या कानावर लाकडी किंवा तांब्याच्या हातोडीने हलकेच टिचकवा, कप स्थिरावतो.

नंतर दर 8 तासांनी ग्रीस, चारही कपांच्या सीलमधून नवं ग्रीस डोकावेपर्यंत. एखाद्या कपातून ते येतच नसेल तर तो कप कोरडा चालतोय.

प्रश्न (निफाड): फ्लायव्हीलचा शिअर बोल्ट (जास्त लोड आला की आधी तुटून यंत्र वाचवणारा बोल्ट) सारखा तुटतो. मेकॅनिक म्हणतो, ॲलन बोल्ट टाका, कटकट मिटेल.

उत्तर: कृपा करून तसं करू नका. साध्या हाय टेन्साइल बोल्टच्या डोक्यावर 8.8 हा ताकदीचा ग्रेड असतो, ॲलन बोल्टवर बहुधा 12.9. म्हणजे तो जवळपास दीडपट ताकदीचा. काही रुपयांचा बोल्ट टिकेल, पण तोच धक्का गिअरबॉक्सचे दाते, प्लंजरचा (पेंढा दाबणाऱ्या दट्ट्याचा) कनेक्टिंग रॉड किंवा बांधणीच्या सुया यांच्यावर जाईल. जुन्या बेलरचे हे भाग सहज मिळत नाहीत. कंपनीने सांगितलेला व्यास, लांबी आणि ग्रेड यांचाच बोल्ट टाका.

बोल्ट नेमका केव्हा तुटतो ते टिपून ठेवा, निम्मं निदान तिथेच होतं. पीटीओ लावताक्षणी तुटत असेल तर तुम्ही जास्त आरपीएमवर ट्रॅक्टरचा क्लच झटकन सोडताय, किंवा चेंबरमध्ये जुना पेंढा ठासून बसलाय. गाठ मारायच्या वेळीच तुटत असेल तर सुया पूर्ण मागे परतत नाहीत. मग सुयांना वाचवणारा स्टॉप प्लंजरच्या वाटेत उभा राहतो आणि प्लंजर त्यावर आदळतो. सुयांचा ब्रेक आणि स्टॉपची स्प्रिंग तपासा. काम चालू असताना कधीही तुटत असेल तर प्लंजरची सुरी बघा. बोथट सुरी पेंढा कापत नाही, चेंगरते. सुरीला धार लावून ती आणि समोरची स्थिर सुरी यांतली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आणा. बोल्टची भोकं अंडाकृती झाली असतील तर कितीही नवे बोल्ट टाका, खेळून खेळून तुटणारच. नाशिकच्या सातपूर किंवा अंबडमधल्या एखाद्या लेथवाल्याकडून तिथे कडक बुश बसवून घ्या.

आणखी एक. डिझेल वाचवायला पीटीओ 540 ऐवजी 400 आरपीएमवर चालवला जातो. फ्लायव्हीलमधली साठलेली ताकद वेगाच्या वर्गाने घटते, म्हणजे 400 ला ती साधारण 55 टक्केच उरते. प्लंजरचा जो धक्का फ्लायव्हीलने झेलायचा, तो मग शाफ्टवर जातो. वाचवलेलं डिझेल महाग पडतं.

प्रश्न (दिंडोरी): शाफ्टची नळी पिळवटून चिरली आहे. गावातला वेल्डर जोडून द्यायला तयार आहे. जोडल्यावर यंत्र थरथरेल का?

उत्तर: थरथरेलच, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने नळी वाकते आणि पिळलेल्या नळीवरचे दोन्ही योक एका पातळीत राहत नाहीत. नळी बदला. योक बहुधा स्प्रिंग पिनने बसवलेला असतो, पिन ठोकून काढली की तो सुटतो.

जोडताना मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एकाच पातळीत हवेत. चौकोनी दांडा चुकून 90 अंश आणि त्रिकोणी नळी 120 अंश फिरून बसू शकते, म्हणून खोलण्याआधी दोन्ही भागांवर सेंटर पंचने खूण करा. ही चूक साधी नाही. एका क्रॉसला 30 अंशांचा कोन असेल तर 540 ने फिरणाऱ्या शाफ्टच्या पुढच्या टोकाचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा सुमारे 468 ते 624 आरपीएम असा वर-खाली होतो. योक जुळलेले आणि दोन्हीकडचे कोन सारखे असतील तर दुसरा क्रॉस हा फरक भरून काढतो. नाहीतर तो फरक गिअरबॉक्सपर्यंत जातो.

लांबी ठरवताना ट्रॅक्टर-बेलर जोडून सर्वांत कमी अंतराच्या स्थितीत बघा. तिथे नळी तळाला टेकायच्या आत निदान 25 मिमी जागा हवी, आणि सर्वांत लांब स्थितीतही एक तृतीयांश नळी एकमेकींत राहायला हवी. कापायची तर आतली, बाहेरची आणि शाफ्ट झाकणारी दोन्ही प्लॅस्टिक गार्ड सारख्याच मापाने कापा. कडा कानसने साफ करून ग्रीस लावा.

प्रश्न (येवला): वळताना शाफ्ट खडखडतो. सरळ चालताना काहीच नाही.

उत्तर: कोन जास्त होतोय. ट्रॅक्टरच्या पीटीओच्या टोकापासून ड्रॉबारच्या (बेलर जोडायच्या दांड्याच्या) पिनच्या भोकापर्यंतचं आडवं अंतर मोजा. 540 च्या पीटीओला ते 14 इंच म्हणजे 356 मिमी हवं. ड्रॉबार आत ढकललेला असेल तर बाहेर काढा. तीव्र वळणावर पीटीओ बंद करा.

प्रश्न (त्र्यंबकेश्वर): ग्रीस करताना अडचण होते म्हणून गार्ड काढून टाकलं आहे. बेलरला त्याने काही होतं का?

उत्तर: बेलरला नाही, माणसाला होतं. 540 आरपीएम म्हणजे सेकंदाला 9 फेऱ्या. पदर, ओढणी किंवा उपरण्याचं टोक क्रॉसला लागलं तर हात सोडवायलाही वेळ मिळत नाही, आणि पेंढा गोळा करणाऱ्या बायका यंत्राच्या जवळच असतात. आजच गार्ड बसवा, ते शाफ्टसोबत फिरू नये म्हणून त्याची साखळी ट्रॅक्टरला आणि बेलरला अडकवा. ग्रीससाठी गार्डला खिडकी ठेवलेली मिळते.

प्रश्न (पिंपळगाव बसवंत): गिअरबॉक्स खोलून बसवला. लगेच शेतात न्यायचा का?

उत्तर: नाही. फ्लायव्हीलच्या पुढचा शाफ्ट किंवा शिअर बोल्ट बदलला तर टायमिंग बिघडत नाही, पण गिअरबॉक्स किंवा नॉटरची (गाठ मारणाऱ्या भागाची) साखळी सुटली की प्लंजर आणि सुयांचा मेळ नव्याने लावावाच लागतो. शाफ्ट ट्रॅक्टरपासून सोडवा, नॉटर ट्रिप करा (गाठ मारायला सोडा) आणि फ्लायव्हील त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने फिरवा. सुयांची टोकं चेंबरमध्ये शिरतात तेव्हा प्लंजरचा चेहरा त्यांच्या पुढे निघून गेलेला असायला हवा आणि सुया त्याच्या खाचांतून वर यायला हव्यात. नेमकं अंतर यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे लावा. पूर्ण फेरी कुठेही न अडता झाली, तर गिअर ऑइलची पातळी बघून दहा मिनिटं रिकामा चालवा, गिअरबॉक्सला हात लावून तापतोय का ते तपासा, आणि मगच पेंढ्याच्या ओळीवर घाला.