टाकाऊ तंतूंचे काँक्रीट करताना

प्रिय विद्यार्थी मित्रा,

अनेक आशीर्वाद.

टाकाऊ बाटल्यांचे तंतू काँक्रीटमध्ये मिसळण्याचा तुझा प्रस्ताव वाचला. विषय मला मनापासून आवडला. परंतु सगळा भर क्यूबच्या चाचणीवर, म्हणजे काँक्रीटचा ठोकळा दाबून मोजलेल्या दाबशक्तीवर आहे, आणि तेथे तंतूंचे गुण दिसणार नाहीत. काँक्रीट अखंड असेपर्यंत तंतूंना फारसे काम नसते. तडा गेल्यावर त्याच्या दोन्ही कडा धरून ठेवणे आणि तो रुंदावू न देणे, हे त्यांचे खरे काम. म्हणून तुळईसारखे नमुने वाकवून पाहा आणि पहिल्या तड्यानंतर ते किती भार, किती वाकेपर्यंत पेलतात हे मोज.

तंतूची निवडही याच कसोटीवर व्हावी. पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे ताण आल्यावर सहज न लांबण्याची ताठरता, सुमारे २०० गिगापास्कल, नेहमीच्या काँक्रीटचा साधारण २५ ते ३०, आणि बाटल्यांच्या पीईटी प्लास्टिकचा त्याहून पुष्कळच कमी असतो. त्यामुळे हे तंतू नुकत्याच ओतलेल्या काँक्रीटमधील आकुंचनाचे बारीक तडे आवरतात, पण सळईची जागा घेऊ शकत नाहीत. जुन्या टायरमधील पोलादी तार या बाबतीत सरस. मात्र तिला रबर चिकटलेले असते आणि लांबी एकसारखी नसते, म्हणून ती स्वच्छ करून, चाळून, लांबी व व्यास नोंदवूनच वापर. लांब तंतू जास्त झाले, तर मिक्सरमध्ये त्यांचे गोळे होतात.

मला सर्वांत अधिक काळजी टिकाऊपणाची वाटते. सिमेंटच्या छिद्रांतील पाण्याचा पीएच १२.५च्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो. त्या अल्कधर्मी पाण्यात पीईटीच्या रेणुसाखळ्या हळूहळू तुटतात, साध्या काचेचे तंतू झिजतात आणि तागासारखे वनस्पतिजन्य तंतू ठिसूळ होतात. काँक्रीटच्या नेहमीच्या २८ दिवसांच्या चाचणीत यातले फारसे काही दिसत नाही. सिमेंटच्या काही भागाऐवजी औष्णिक वीजकेंद्रातील कोळशाची टाकाऊ राख, म्हणजे फ्लाय अ‍ॅश वापरलीस, तर ती पाणी अल्कधर्मी ठेवणारा मुक्त चुना खर्ची घालून हा मारा सौम्य करते. एका टाकाऊ पदार्थाने दुसऱ्याला असे सांभाळावे, ही या विषयातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट आहे.

तेव्हा काही नमुने अल्कधर्मी पाण्यात दीर्घकाळ ठेवून मग वाकवून पाहा, आणि तंतू न घातलेले नमुनेही त्याच पाण्यात, तितकाच काळ ठेव. नाहीतर बदल तंतूंमुळे झाला की काँक्रीटमुळे, हे सांगता येणार नाही. सुधारित प्रस्तावासोबत तंतूंच्या मोजमापांचा तक्ता अवश्य पाठव.

तुझा,
मार्गदर्शक