साथीच्या दिवसांतली उपासना, उपास आणि प्रार्थना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पाळकसाहेबांस प्रभूच्या नावाने सलाम. आमच्या गावात पावसाळा संपता संपता डेंग्यूची साथ आली आणि मंडळीतील बऱ्याच घरांत ताप आहे. पंच कमिटीत यावरून दोन तट पडले आहेत. काहींचे म्हणणे असे की, साथ ओसरेपर्यंत रविवारची उपासना बंद ठेवावी. दुसरे म्हणतात की, स्तोत्र 91 मध्ये मरीपासून रक्षणाचे अभिवचन असताना चर्चला कुलूप लावणे हा अविश्वास आहे. उलट तीन दिवसांची उपास-प्रार्थना ठेवून आजाऱ्यांनाही चर्चमध्ये आणावे. दोन्हीकडची माणसे देवभीरू आहेत. आम्ही काय करावे?
— मंडळीचे एक पंच, जालना जिल्हा

उत्तर : पंचसाहेब, सलाम. दोन्हीकडची माणसे देवभीरू आहेत असे तुम्ही आवर्जून लिहिले, ते वाचून बरे वाटले. अशा दिवसांत एकमेकांचा विश्वास मोजण्याची सवय फार लवकर लागते आणि साथ गेली तरी ती जात नाही.

कमिटीने सर्वांत आधी तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना किंवा गावातील आशाताईंना बोलावून रोग कसा पसरतो हे समजून घ्यावे, कारण उपासना चालू ठेवावी की थांबवावी याचे उत्तर पुष्कळसे त्यावरच अवलंबून आहे. डेंग्यू एकाच्या श्वासातून दुसऱ्याला होत नाही. तो एडिस डासामुळे होतो. हा डास दिवसा चावतो आणि घराच्या आसपास साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. तेव्हा निरोगी माणसे चर्चमध्ये एकत्र बसली म्हणून डेंग्यू वाढणार नाही आणि तेवढ्या कारणाने रविवारची उपासना बंद ठेवण्याची गरज मला दिसत नाही. मात्र रविवारच्या आधी पंचांनी चर्चच्या आवारातून एक फेरी मारावी. बाप्तिस्म्याचा हौद वापरून झाल्यावर रिकामा केला होता का? गच्चीवर पडलेल्या प्लॅस्टिकच्या कापडाच्या घडीत पाणी साठले आहे का? कबरस्थानात नातेवाइकांनी ठेवलेल्या कुंड्या आणि फुलदाण्या भरलेल्या आहेत का? एडिसची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, आतून घासावे लागते. आरोग्य खाते आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगते. तो तुमच्या तरुण संघाने शनिवारी पाळावा आणि चर्चचे आवार झाल्यावर शेजारच्या वस्तीतली पिंपे आणि रांजणही घासून द्यावेत, मग ती घरे कोणत्याही धर्माची असोत.

आजाऱ्यांना चर्चमध्ये आणण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. तापाच्या रुग्णाला चावलेला डास काही दिवसांनी दुसऱ्याला रोग देतो, म्हणून रुग्णाने दिवसाही मच्छरदाणीत राहायला हवे. बायबलमधील याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय पाहा. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे असे तिथे सांगितले आहे. म्हणजे चालत जायचे आहे ते वडिलांनी. तुम्ही घरोघर जा, खाटेजवळ बसा, हात ठेवून प्रार्थना करा. डेंग्यूच्या रुग्णाला हात लावल्याने तुम्हाला काही होणार नाही, आणि साथीत कोणी जवळ येत नाही असे ज्याला वाटू लागले आहे त्याला त्या हाताचा मोठा आधार असतो.

उपास-प्रार्थनेबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. निरोगी माणसांनी उपास करावा, पण ज्याला ताप आहे किंवा नुकताच होता त्याला उपास करू देऊ नका. त्याच्या पोटात पाणी, पेज, ताक, क्षारसंजीवनी जात राहिली पाहिजे. आणि ताप उतरला की लगेच साक्षीला, म्हणजे देवाने बरे केले असे मंडळीपुढे सांगायला, उभे करू नका. डेंग्यूमध्ये ताप उतरतो त्या सुमाराचे 24 ते 48 तासच अधिक धोक्याचे असू शकतात. जोराची पोटदुखी, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर प्रार्थना करत करतच, पण ताबडतोब दवाखाना गाठावा. उपकारस्तुती चार दिवसांनी केली म्हणून देव रागावणार नाही.

आता स्तोत्र 91. मंडळीने हे स्तोत्र जरूर म्हणावे, मीही म्हणतो. पण याच स्तोत्रातील वचन घेऊन सैतानाने प्रभू येशूला मंदिराच्या शिरोभागावरून खाली उडी टाकायला सांगितले, हे मत्तयाच्या चौथ्या अध्यायात आहे, आणि परमेश्वराची परीक्षा पाहू नये असे सांगून प्रभूने ती उडी नाकारली. प्रभूचा त्या अभिवचनावर विश्वास नव्हता, असे आपल्यापैकी कोण म्हणेल? दुसरे उदाहरण बायबलमधील, आजारी पडलेल्या हिज्कीया राजाचे. त्याने रडून प्रार्थना केली, देवाने त्याला आणखी 15 वर्षे दिली, आणि त्याच वेळी यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांची ढेप बांधायला लावली. अभिवचन मिळाल्यावर ढेप कशाला, असे राजाने विचारले नाही.

साथ श्वासातून पसरणारी असती, तर माझे उत्तर वेगळे असते. 2020 मध्ये गुड फ्रायडे आणि ईस्टर दोन्ही टाळेबंदीत गेले. त्या वेळी इब्री लोकांस पत्रातील, एकत्र मिळणे सोडू नये, हे वचन दाखवून पुष्कळांनी चर्च उघडण्याचा हट्ट धरला होता. पण त्या वचनाच्या आधीच, प्रीती आणि सत्कर्मे यांसाठी एकमेकांना उत्तेजन द्यावे, असे लिहिले आहे. ज्या एकत्र येण्याने शेजारच्या म्हाताऱ्या बाईचा जीव जाईल ते या वचनाच्या नावावर खपवता येणार नाही. इंग्लंडमधील ईम या खेड्यात 1665 साली प्लेग आला, तेव्हा तेथील पाळक विल्यम मॉम्पेसन यांनी चर्च बंद करून उपासना उघड्या दरीत नेली. कुटुंबे एकमेकांपासून अंतर ठेवून उभी राहत. रोग शेजारच्या गावांत जाऊ नये म्हणून गावाने स्वतःची वेस स्वतःच बंद केली आणि बाहेरून आणलेल्या धान्याचे पैसे सीमेवरच्या दगडाच्या खळग्यांत, व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले जात. पाळकांची पत्नी कॅथरिन त्याच साथीत वारली. त्या गावाला कोणी अविश्वासी म्हटलेले मला माहीत नाही.

तुमच्या कमिटीतील दोन्ही तटांना जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर यांचे 1527 मधील पत्र उपयोगी पडेल. विटेनबर्गमध्ये प्लेग आल्यावर विद्यापीठ येना येथे हलवले गेले. लूथर मात्र गावातच राहिले आणि त्यांचे घर आजाऱ्यांनी भरले. ब्रेस्लाउ येथील पाळकांच्या प्रश्नाला उत्तर देताना त्यांनी औषध न घेणाऱ्या, जाणूनबुजून रोगाच्या तोंडी जाणाऱ्या माणसांना देवाची परीक्षा पाहणारे म्हटले; मी औषध घेईन, हवा शुद्ध करीन, गरज नसेल तिथे जाणार नाही, पण शेजाऱ्याला माझी गरज लागली तर मागेपुढे पाहणार नाही, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. आणि ज्यांच्यावर लोकांची जबाबदारी आहे, म्हणजे पाळक आणि अधिकारी, त्यांनी गाव सोडू नये असे बजावले. पंचसाहेब, यातला शेवटचा भाग तुमच्या-माझ्यासाठी आहे.

प्रश्न : माझे वडील 2021 च्या एप्रिलमध्ये कोरोनाने गेले. आम्ही सारे घरात विलगीकरणात होतो, दफन नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांनी केले. घंटा नाही, गीत नाही, पाळक नाहीत. नंतर मंडळीतील एका ज्येष्ठ बाईंनी मला सांगितले की, तुमच्या प्रार्थनेत विश्वास असता तर ते वाचले असते. ते वाक्य अजून मनातून जात नाही.
— एक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, त्या बाईंचे बोलणे चुकीचे होते आणि मंडळीच्या वतीने मी आपली क्षमा मागतो. प्रेषित पौलाच्या हातून अनेक आजारी बरे झाले, तरी आपला सोबती त्रफिम याला आजारी असतानाच मिलेत शहरात ठेवून पौलाला पुढे जावे लागले, हे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी त्याने स्वतः लिहिले आहे. त्याचा दुसरा सोबती एपफ्रदीत तर मरणाच्या दारी पोहोचला होता. यांच्यापैकी कोणाचा विश्वास कमी पडला असे पौल कुठेही म्हणत नाही. जन्मांध माणसाला पाहून, कोणाच्या पापामुळे हे झाले, असे शिष्यांनी विचारले, तेव्हा प्रभूने तो हिशेबच मोडीत काढला. तुमच्या वडिलांचे मरण हा तुमच्या प्रार्थनेला मिळालेला नकारार्थी शेरा नाही.

दफनाच्या वेळी जे राहून गेले ते आजही करता येते. आपल्या पाळकांना सांगून कबरीजवळ स्मरणार्थ उपासना ठेवा. वडिलांच्या आवडीचे गीत म्हणा, वचन वाचा, त्यांच्याबद्दल दोन शब्द घरातल्या माणसांनीच बोलावे, आणि मंडळीला रीतसर निमंत्रण द्या. इतक्या वर्षांनी कशाला, असे कोणी म्हटले तर म्हणू द्या. मुंबईत 1896 च्या प्लेगच्या काळात वांद्र्यासारख्या गावठाणांत लोकांनी उभारलेल्या क्रुसांपाशी आजही मेणबत्त्या लागतात. त्या पिढीचे दुःख त्या वस्त्यांनी घाईने आवरते घेतले नाही. ज्या कर्मचाऱ्यांनी वडिलांना मातीत ठेवले, त्यांच्यासाठीही त्या उपासनेत प्रार्थना करा. त्या दिवशी तुमच्या वाटचे काम त्यांनी केले.

प्रश्न : फ्लूच्या साथीत प्रभुभोजनाचा एकच प्याला वापरावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : प्रभुभोजनात, म्हणजे प्रभूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीत, सर्वांनी एकाच प्याल्यातून पिऊ नये. लहान वेगळे प्याले अनेक मंडळ्यांत आहेतच; नसतील तर साथ संपेपर्यंत फक्त भाकर द्यावी. देणाऱ्याने सर्वांसमोर साबणाने हात धुवावेत. खोकला किंवा ताप असलेल्याने घरी थांबावे. त्याला प्रभुभोजन चुकले असे वाटू देऊ नये. 1662 च्या इंग्रजी सामान्य प्रार्थना पुस्तकात दोन सोयी मुद्दाम लिहून ठेवल्या आहेत : प्लेगच्या भीतीने आजाऱ्यासोबत प्रभुभोजन घ्यायला कोणी तयार नसेल, तर पाळकाने एकट्याने त्याच्यासोबत घ्यावे, आणि आजारपणामुळे ज्याला ते तोंडाने घेताच येत नाही, त्याने खऱ्या पश्चात्तापाने व विश्वासाने ख्रिस्ताचे स्मरण केले तरी त्याला ते लाभते. पहिली सोय आजच्या पाळकांनी विसरू नये.

प्रश्न : घरी आणि उपासनेत म्हणता येईल अशी एखादी प्रार्थना द्याल का?
— महिला मंडळ, मिरज

उत्तर : पुढील प्रार्थना एकाने सावकाश म्हणावी. जिथे नावे घ्यायची आहेत तिथे खरोखर थांबावे आणि प्रत्येक आजाऱ्याचे नाव मोठ्याने घ्यावे. मंडळीबाहेरच्या शेजाऱ्यांचीही घ्यावीत.

हे दयाळू पित्या, आमच्या गावात रोग आहे आणि आम्ही घाबरलो आहोत, हे तुझ्यापासून लपवत नाही. आजारी असलेल्या या तुझ्या लेकरांना आम्ही तुझ्यापुढे आणतो (येथे नावे घ्यावीत). त्यांना आराम दे, झोप दे, अन्नपाणी पचू दे. डॉक्टर, परिचारिका, आशाताई आणि सफाई कर्मचारी यांना बळ दे, आणि त्यांच्याशी बोलताना आमची जीभ गोड ठेव. ज्यांच्या घरचे माणूस गेले त्यांच्याजवळ बसण्याचे धैर्य आम्हाला दे. ज्यांचा रोजगार बुडाला त्यांच्यासाठी आमच्या डब्यातले धान्य बाहेर काढव. आमच्या निष्काळजीपणामुळे कोणाला इजा झाली असेल तर क्षमा कर आणि आम्हाला सुधार. ज्या प्रभूने कुष्ठरोग्याला हात लावला त्याच्या नावाने मागतो, आमेन.