योसेमिटीत अस्वल आणि आपला खाऊ: डबा कसा भरायचा, कुठे ठेवायचा

दादा, कॅनिस्टर, म्हणजे खाणं ठेवायचा अस्वलाला न उघडणारा टणक डबा, घ्यावाच लागेल, त्यातून सुटका नाही. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरात लेकीकडे कॅलिफोर्नियाला जाताय, तिथून चौघं मिळून योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात चार रात्रींचा ट्रेक, आणि परमिट काढताना कळलं की बेअर कॅनिस्टर सक्तीचा आहे. किलोभराचं ते पिंप पाठीवर वागवण्यापेक्षा, हरिहर-ब्रह्मगिरीला माकडांपासून सांभाळतो तशी पिशवी फांदीला टांगली किंवा तंबूत उशाशी ठेवली तर नाही का भागणार? शिवाय चिवडा-लाडू त्यात मावतील का, आणि मेळघाटात गेलो तर हेच सगळं लागू का.

आधी टांगण्याचं. योसेमिटीच्या रानात रात्री खाणं झाडाला टांगणं नियमातच बसत नाही. एके काळी तिथे हीच पद्धत शिकवायचे, दोन पिशव्या दोरीच्या दोन टोकांना तोलून वगैरे. अस्वलांनी ती कधीच मोडीत काढली. दोरी चावून तोडतात, आणि मोठ्याला न पेलणाऱ्या फांदीवर पिल्लू जातं. एखाद्या मित्राने 'आम्ही तर टांगलं होतं' म्हटलं तर तो खोटं बोलत असेल असं नाही, यलोस्टोन या दुसऱ्या उद्यानात बऱ्याच मुक्कामाच्या जागी त्यासाठी खास आडवे खांब आहेत. पण प्रत्येक उद्यानाचं शास्त्र वेगळं. दुसऱ्याचा सल्ला घेताना 'कुठल्या उद्यानात?' हे आधी विचारा, मलाही.

उशाशी ठेवण्याचा विचार तर सोडूनच द्या. तंबूचं कापड म्हणजे अस्वलाच्या नखापुढे काहीच नाही, आणि खाण्याच्या आणि त्याच्या मध्ये तुमचं डोकं येणार.

आपली सगळी सवय माकडांची आहे, आणि घोळ तिथेच होतो. ब्रह्मगिरीच्या पायऱ्यांवरचं माकड डोळ्याने चालतं. प्लास्टिक कुरकुरलं, सॅकमध्ये हात गेला, की ते हजर. म्हणून आपण काय शिकलो? खाऊ दिसू द्यायचा नाही, चेन बंद ठेवायची, बसून खायचं ते घोळक्यात, आणि अंधार पडला की निर्धास्त. अस्वलाला यातलं काहीच लागू पडत नाही. त्याला दिसण्याची गरज नाही, वास पुरतो. ते रात्री येतं. आणि त्याच्याकडे वेळच वेळ असतो, एका पिशवीमागे अख्खी रात्र घालवेल.

म्हणूनच 'वास येऊ नये म्हणून तीन पिशव्यांत गुंडाळतो' या उपायावर भिस्त ठेवू नका. कॅनिस्टरसुद्धा वास अडवत नाही. अस्वलाला आत काय आहे ते कळतं, ते येतं, डबा लोळवतं, दात लावून बघतं, आणि जबड्यात मावत नाही म्हणून सोडून जातं. तो डबा फक्त एवढ्यासाठी आहे. आपल्या मसाल्यांच्या वासाची चिंताही त्यामुळे फिजूल आहे. हिंगाला अस्वल येतं तसं टूथपेस्टलाही येतं.

यावरून दुसरी गोष्ट: डब्यात फक्त जेवण जात नाही. टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, ओठांचं मलम, खोकल्याच्या गोळ्या, बाम, ओले वाइप्स, रिकामी पाकिटं, उरलेला कचरा, सगळं आत. बायकांच्या पर्समधली लवंग-वेलची आणि पुरुषांच्या खिशातली सुपारीसुद्धा. चौघांचे खिसे रोज संध्याकाळी झाडायला लावा, हसले तरी चालेल.

आता भरण्याकडे येते, कारण खरी कसोटी तिथे आहे. ट्रेकला आपण वजन मोजतो, इथे जागा मोजायची. बेअरव्हॉल्ट कंपनीचा मोठा डबा, बीव्ही 500, साडेअकरा लिटरचा असतो, वजन सव्वा किलोच्या आत. कंपनी म्हणते एका माणसाला सात दिवस. आपल्या जेवणाच्या पद्धतीने मी पाच-साडेपाच धरते. पहिल्या दिवसाचं दुपारचं खाणं बाहेर राहिलं तरी चालतं, रात्रीच्या आत ते पोटात जातं. मात्र तोवर त्यावर लक्ष ठेवायचं, सॅक वाऱ्यावर टाकून फोटो काढत फिरायचं नाही. हा हिशोब केला तर चौघांना तीन मोठे डबे पुरतात.

नाशिकचा चिवडा घरी ठेवा. वाईट वाटेल, पण त्यात निम्मी हवा असते. अर्धा किलो चुरमुरे घातले की जवळजवळ निम्मा डबा गेलाच. पातळ पोहे, कुरडया, वेफर्स, फुगलेली नूडल्सची पाकिटं, सगळ्यांचं तेच. नेण्यासारखं काय? शेंगदाणा-गुळाचे लाडू, पण गोल वळू नका, चौकोनी वड्या थापा, गोलांच्या फटीत जागा वाया जाते. आपल्या निफाड-पिंपळगावकडचे बेदाणे, मूठभरात पोट धरतं. मेतकूट, सातूचं पीठ, जवसाची कोरडी चटणी. छोट्या बाटलीत तूप, जागेच्या मानाने त्याच्याइतकी ताकद दुसऱ्या कशात नाही. दशम्या पहिल्या दोन दिवसांसाठी, डब्याच्या भिंतीला लावून उभ्या वळवून ठेवल्या की मधली जागा मोकळी राहते.

रात्रीच्या जेवणाला भाजलेल्या रव्यात कोरडी फोडणी घालून उपमा पीठ करून न्या. डाळ-तांदळाच्या खिचडीच्या भानगडीत पडू नका. तुमचे मुक्काम अडीच-तीन हजार मीटरवर असतील, तिथे पाणी नव्वद-एक्क्याण्णव अंशांनाच उकळतं. कुकरशिवाय डाळ शिजत नाही, गॅस मात्र संपतो. खिचडीच हवी तर मुगाची डाळ भाजून भरड काढून न्या.

दुकानी पाकिटं सगळी फोडून साध्या झिपच्या पिशव्यांत ओता, हवा दाबून काढा. खाली शेवटच्या दिवसाचं, वर पहिल्याचं. रोजची वेगळी पुडी बांधली की रात्री टॉर्च धरून सगळा डबा उपसावा लागत नाही. घरी एकदा पूर्ण भरून झाकण लावून बघा, टूथपेस्टसकट. 'तिथे गेल्यावर बसवू' म्हणणारे पार्किंगमध्ये बसून लाडू वाटताना दिसतात. अमेरिकेत उतरताना नेलेलं सगळं खाणं कस्टमला सांगायचं. ताजी फळं-भाज्या आणि मांसाचं काहीही नेऊच नका.

झाकणाबद्दल. बेअरव्हॉल्टचं झाकण फिरवताना कडेचे उंचवटे एका खाचेपलीकडे सरकावे लागतात. सकाळच्या थंडीत प्लास्टिक ताठतं, बोटं बधिर असतात, आणि चहाची पावडर आत! एटीएम कार्ड त्या उंचवट्याशी फटीत सरकवून झाकण फिरवलं की सुटतं. काळ्या गार्सिया डब्याची दोन कुलपं नाण्याने फिरतात, तेव्हा एक नाणं डब्याबाहेर, खिशात असू द्या. हे डबे उद्यानाच्या परमिट केंद्रांवर भाड्याने मिळतात, एका ट्रेकसाठी विकत घेऊ नका.

अर्सॅक नावाची, अस्वलाला सहज न फाटणारी हलकी पिशवी कोणी सुचवेल. चांगली वस्तू आहे, पण योसेमिटीत चालत नाही. आणि डबाही अजिंक्य नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या अॅडिरॉन्डॅकमध्ये यलो-यलो नावाची एक लहानखुरी मादी होती, दोन्ही कानांत पिवळे बिल्ले म्हणून ते नाव. ती बेअरव्हॉल्टचं झाकण उघडायला शिकली. कंपनीने दुसरा उंचवटा वाढवला, तर तिने तोही जिंकला. म्हणून उद्यानाच्या सध्याच्या मान्य यादीत तुमचा डबा आहे ना, एवढं बघून घ्या.

रात्री डबा तंबूपासून निदान तीस मीटर लांब, सपाट जमिनीवर, झुडपात किंवा दगडांच्या बेचक्यात ठेवा. उतारावर, कड्याच्या कडेला किंवा ओढ्याकाठी नको, लोळत गेला की गेला. दोरीने झाडाला बांधू नका, दोरी म्हणजे अस्वलाला ओढायला मूठ. स्वयंपाकही तंबूपासून लांबच. जेवताना अंगावर सांडलेला शर्ट घालून झोपू नका.

दिवसा हे पिंप सॅकमध्ये उभं, मध्यावर, पाठीलगत. खाली स्लीपिंग बॅग, भोवतीने जॅकेट. मुक्कामावर बसायला स्टूल म्हणून बरं पडतं, एवढा एक फायदा.

चौघं म्हणजे गाडी बहुतेक मिनीव्हॅन घ्याल. 2001 ते 2007 दरम्यान योसेमिटीत अस्वलांनी 900 हून जास्त गाड्या फोडल्या, आणि त्यात मिनीव्हॅनचं प्रमाण त्यांच्या संख्येच्या मानाने कितीतरी जास्त निघालं. पोरांचं सांडलेलं खाणं हे एक कारण मानतात. ट्रेकला निघताना गाडीत काहीच ठेवायचं नाही, रिकामी बाटली आणि बिस्किटाचा चुराही नाही. पार्किंगला लोखंडी पेट्या असतात, उरलेलं त्यात टाका. 1998 साली तिथे अस्वलांच्या उपद्रवाच्या दीड हजारांहून जास्त घटना घडल्या होत्या, आता त्या फार कमी झाल्यात, त्यात या पेट्या आणि डब्यांचा मोठा वाटा आहे.

आलंच तर? तिथे ग्रिझली नाहीत, सगळी काळी अस्वलं. चौघं एकत्र उभे राहा, ओरडा, पातेली बडवा, त्याची पळवाट अडवू नका. स्वतः पळू नका. एकदा त्याच्या तोंडात खाऊ गेला की तो त्याचा. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा तिखट फवारा, योसेमिटीत नेता येत नाही, घेऊन बसू नका.

मेळघाटाचं गणित वेगळं. आपलं अस्वल वाळवी, मुंग्या, मध, बोरं, मोहफुलं खातं. तुमच्या डब्याच्या मागे येणं हा त्याचा धंदा नाही, पण अचानक समोरासमोर आलं तर ते पळण्याऐवजी अंगावर येतं, आणि जखमा बहुतेक तोंडावर-डोक्यावर होतात. पहाटे मोह वेचायला गेलेल्या माणसांवरचे हल्ले याच प्रकारचे. तिथे कॅनिस्टरचा काही उपयोग नाही. खाणं गाडीत किंवा वनखात्याच्या खोलीत बंद ठेवा, चालताना बोलत चला, वारुळं आणि दाट झुडपांच्या फार जवळून जाऊ नका, आणि पहाटे अंधारात शौचाला एकट्याने बाहेर पडू नका. हातात बॅटरी हवी आणि सोबत कुणीतरी.