समजून घेतलं तर डोक्यावर बसेल का?

"मॅडम, समजून घ्या, समजून घ्या म्हणतात सगळे. म्हणजे ती म्हणेल तसं वागायचं का? मग तर ती डोक्यावरच बसेल आमच्या."

ज्यांच्या घरात एखाद्याच्या भावनांचा सतत भडका उडत असतो, त्यांच्याकडून मी समुपदेशनात हा प्रश्न कायम ऐकते. या वेळी विचारणारे काका साताऱ्याकडचे, एसटीत ड्रायव्हर म्हणून आयुष्य घालवून निवृत्त झालेले. सोबत काकू होत्या. मुलगी आलेली नव्हती. तिला आपण सायली म्हणू. ओळख पटू नये म्हणून इतर तपशीलही बदलले आहेत.

सायली 23 वर्षांची. पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करत होती, आता घरी परतलेली. मैत्रिणीने मेसेज वाचला आणि उत्तर दिलं नाही, एवढं कारण पुरायचं. आधी गप्प, मग रडणं, "मी कुणालाच नकोय", मग दार आपटणं. एकदा भरलं ताट भिंतीवर गेलं. रात्री तीच आईच्या कुशीत शिरून माफी मागायची आणि सकाळी काही घडलंच नाही अशी पोहे खायला बसायची. "हे नाटक नाही तर काय?" काका म्हणाले.

पोरगी नाटक करत नव्हती. काही माणसांच्या भावना पटकन पेटतात, इतरांपेक्षा जास्त तीव्र असतात आणि मुख्य म्हणजे शांत व्हायला फार वेळ घेतात. पहिल्या रागाची धग उतरायच्या आत दुसरं निमित्त घडतं आणि घरच्यांना वाटतं, एवढंसं तर झालं! अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी अशा लोकांसाठी डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) ही बोलण्यातून आणि सरावातून भावना हाताळायला शिकवणारी उपचारपद्धती विकसित केली. तिचं सविस्तर पुस्तक 1993 साली आलं. त्या स्वतः तरुणपणी याच यातनांतून गेल्या होत्या, हे त्यांनी 2011 मध्ये जाहीरपणे सांगितलं. त्यांची मांडणी अशी, की जन्मजात हळवेपणा आणि त्या भावनांना सतत खोटं ठरवणारं वातावरण, हे दोन्ही एकमेकांना खतपाणी घालत राहतात.

हे सांगितलं की आईवडील लगेच स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतात. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलंच. पण मला कुणाची चूक शोधायची नव्हती, घरात नेमकं काय घडतं ते बघायचं होतं. सायली साध्या आवाजात म्हणायची, "मला आज फार एकटं वाटतंय." त्यावर काका, "एवढ्याशा गोष्टीवरून? आमच्या वेळी..." मग तिचा आवाज चढायचा. ताट भिरकावलं गेल्यावर काकू घाबरायच्या आणि आठवडाभर नाकारलेली गोष्ट मुकाट्याने मान्य व्हायची. नवा मोबाइल असाच आला होता. म्हणजे हळू बोललेलं ऐकू जात नाही, ताट फेकलेलं जातं, हे घरानेच तिला नकळत शिकवलं होतं.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. भावना मान्य करायची, मागणी नव्हे. "तिने उत्तर दिलं नाही म्हणून तुला फार लागलंय, ते दिसतंय मला" हे म्हणायला पैसे पडत नाहीत आणि त्यात मैत्रीण वाईट आहे किंवा तू बरोबर आहेस असंही कबूल केलेलं नसतं. पुढे तितक्याच शांतपणे, "ताट फेकलेलं मात्र चालणार नाही. आवरून ये, मग बोलू." दोन्ही वाक्यं लागतात. काका फक्त दुसरं म्हणायचे, काकू फक्त पहिलं.

वेळही महत्त्वाची. भडका टिपेला असताना समजावणं वाया जातं. तेव्हा विचार करणारा मेंदू मागे पडलेला असतो. कमी शब्द, खालचा आवाज, थोडं अंतर. चेहऱ्यावर गार पाणी मारल्यानेही अनेकांच्या हृदयाची गती मंदावते. काकांना हे माझ्याआधी कळलं. "घाट उतरताना गिअर आधीच खाली घ्यायचा असतो. मध्येच नुसतं ब्रेकवर पाय देऊन बसलं, तर ब्रेक तापून निकामी होतात." यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं.

एक गोष्ट मी त्यांना आधीच बजावली होती: तुम्ही बदललात की सुरुवातीला ती आणखी ओरडेल. जुनं बटण चालेना झालं की माणूस ते जोरात दाबतो. तसंच झालं. दोन आठवड्यांनी काकू म्हणाल्या, "वाढलंय हो." या टप्प्यावर बरीच घरं माघार घेतात आणि मग सायलीसारख्या मुली शिकतात, की अजून मोठ्याने ओरडावं लागतं. काका-काकू टिकले.

मात्र "मला जगायचंच नाही" हे वाक्य धमकी समजून सोडून द्यायचं नाही, हेही ठरलं. सरळ विचारायचं, "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. उत्तर हो असेल तर तिला एकटं ठेवायचं नाही, औषधं-धारदार वस्तू उचलून ठेवायच्या आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ किंवा जवळचं रुग्णालय गाठायचं. टेलि-मानसची 14416 ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, रात्रीबेरात्रीही चालते. तो नंबर काकूंनी फ्रिजवर चिकटवला.

"तिला नेमकं काय झालंय?" याचं उत्तर मी दिलं नाही. न भेटलेल्या माणसाला निदानाची चिठ्ठी चिकटवणं मला मान्य नाही. असे भडके बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकारात दिसतात, एडीएचडीत (लक्ष टिकवणं आणि आवेग आवरणं अवघड जातं, त्या अवस्थेत) दिसतात, जुन्या आघातानंतरही दिसतात. सायली काही महिन्यांनी स्वतः आली, बहुधा कुतूहलाने. "बाबा हल्ली वाद घालत नाहीत, काय केलंत तुम्ही?" आता ती मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटतेय आणि माझ्याकडे भावना ओळखायच्या, थोपवायच्या युक्त्या शिकतेय. डीबीटीचा पूर्ण कार्यक्रम साधारण वर्षभराचा असतो, त्यामुळे घाई नाही. पुढच्या महिन्यात पूर्वपरीक्षेचा निकाल आहे. तो कसाही लागला तरी त्या संध्याकाळी कोण घरी असेल, काय बोलायचं आणि काय मुळीच बोलायचं नाही, हे तिघांनी आत्ताच बसून लिहून काढलंय.