वाचकांचे प्रश्न : वस्तीत जाऊनही ओळख का होत नाही?

प्रश्न : मी बडोद्याच्या एका महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला शिकते. राष्ट्रीय सेवा योजनेतून आमचा गट शहराबाहेर बांधकामावरच्या मजुरांच्या वस्तीत जातो. तेथील कुटुंबे बहुतेक छोटा उदेपूर, दाहोद आणि अलीराजपूरकडची आदिवासी आहेत. आम्ही वह्या आणि ब्लँकेटे वाटली, स्वच्छतेवर पथनाट्यही केले. लोक जमतात, वस्तू घेतात, परंतु पुढच्या वेळी आम्ही पुन्हा परकेच असतो. दोन्ही बाजूंना कामापुरती गुजराती येते, म्हणजे भाषेची अडचण नाही. मग आम्ही एकत्र मिळून काय करावे?
— एक विद्यार्थिनी, बडोदे

उत्तर : ब्लँकेटे देण्यात गैर काहीच नाही, कारण थंडीत ती लागतातच. परंतु वाटपात देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची जागा आधीच ठरलेली असते, आणि कितीही वेळा गेलात तरी ती बदलत नाही. पथनाट्यातही तसेच झाले असावे. ज्यांना पाणी लांबून भरून आणावे लागते त्यांना आपण स्वच्छता सांगितलीत आणि त्यांनी ती मुकाट्याने ऐकून घेतली. ओळख व्हायची असेल तर काही वेळ तरी त्यांनी शिकवावे आणि आपण शिकावे, असे काम निवडावे लागेल.

हा फरक बडोदेकरांना खरे तर नवा नसावा. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी शाळा काढल्या, आणि १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. तेच बाबासाहेब १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी येथे आले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. नाव बदलून एका पारशी विश्रामगृहात उतरावे लागले, आणि खरी ओळख कळताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथूनही बाहेर काढले. कमाटी बागेतील ज्या जागेला आज आपण संकल्पभूमी म्हणतो ती याच प्रसंगाची आहे. शिष्यवृत्ती आणि नोकरी दरबाराने दिली. शेजार मात्र हुकूम काढून देता येण्याजोगा नव्हता.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये असे मांडले की दोन गटांची नुसती गाठ पडल्याने मनातले ग्रह कमी होतातच असे नाही; त्या प्रसंगापुरता तरी दोघांचा दर्जा समान असावा, हेतू एक असावा, तो साधण्यासाठी एकमेकांची मदत लागावी आणि संस्थेचे पाठबळ असावे. आपल्या वाटपाला यांपैकी शेवटची अट तेवढी लागू पडते.

माझी पहिली सूचना स्वयंपाकाची आहे. आपल्या वस्तीतील लोक ज्या भागातून आले आहेत तेथे दाल-पानिया हा आवडीचा बेत असतो. मक्याचे पीठ मळून, थापून, खाकऱ्याच्या म्हणजे पळसाच्या पानांत ठेवून गोवऱ्यांच्या आरावर भाजतात आणि उडदाच्या डाळीबरोबर खातात. पीठ किती सैल हवे, आर केव्हा धरला, पान केव्हा उलटायचे, हे तेथील बायकांना ठाऊक असते आणि आपल्यापैकी बहुधा कोणालाच नसते. पीठ आणि डाळ आपण न्या. गोवऱ्या, पाने आणि चूल यांची तजवीज त्यांच्यावर सोपवा. सगळे साहित्य आपणच नेलेत तर ते पुन्हा वाटपच होईल. आणि हो, जेवायला सर्वांनी एकाच पंगतीत बसावे. आपल्या गटातील कोणी घरून डबा आणून बाजूला बसला, तर वस्तीतील माणसे त्याचा अर्थ आपल्यापेक्षा लवकर ओळखतील.

मुलांबरोबर उत्तरायणाच्या म्हणजे संक्रांतीच्या आधी पतंगांना किन्ना म्हणजे तोल सांभाळणारा दोरा बांधणे किंवा मैदानी खेळ खेळणे सोपे आहे, त्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. फक्त संघ विद्यार्थी विरुद्ध वस्ती असे न पाडता मिसळून पाडावेत.

पिठोरा या भित्तिचित्राविषयी मात्र सावध करतो, कारण ते काढून घेण्याचा विचार अशा गटांना हमखास सुचतो. राठवा या आदिवासी समाजात पिठोरा हा नवसाचा विधी आहे; बडव्याच्या म्हणजे पुजाऱ्याच्या उपस्थितीत घराच्या भिंतीवर लखारे म्हणजे चित्र काढणारे तो ‘लिहितात’. तो महाविद्यालयाच्या भिंतीवर शोभेसाठी काढून द्या, असे कोणा मजुराला सांगणे म्हणजे दुसऱ्याच्या देवघरातली वस्तू दिवाणखान्यासाठी मागणे होय. परेश राठवा यांना या कलेसाठी २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, म्हणून प्रत्येक राठवा चित्रकार असतो असेही नव्हे. कोणी आपणहून त्याविषयी बोलले तर ऐकावे.

वेळ त्यांच्या सोयीने ठरवा. मजूर अंधार पडल्यावर परततात. पुष्कळ बांधकामांवर अमावास्येला सुटी असते, तिची मुकादमाकडे चौकशी करावी. होळीच्या सुमारास वस्ती रिकामी होईल, कारण तेव्हा माणसे गावी जातात आणि छोटा उदेपूरकडच्या कवांटचा गेर मेळा ही आदिवासींची जत्राही त्याच दिवसांत भरतो. त्या काळात कार्यक्रम ठेवून कोणी आले नाही म्हणून खट्टू होऊ नका. उलट आपल्या परीक्षा केव्हा आहेत आणि त्या काळात आपण येणार नाही, हेही त्यांना आधी सांगून ठेवा. न सांगता नाहीसे होणारे गट त्यांनी पुष्कळ पाहिलेले असतात.

अशा सहवासातून कधीतरी एखादी आई मुलाच्या शाळेचा विषय काढील. तेव्हा उपयोगी पडेल असे एक ज्ञान जवळ ठेवा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जन्मदाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला मिळायला उशीर झाला, या कारणाने सरकारी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. त्या आईबरोबर शाळेपर्यंत चालत जा. बोलणे मात्र तिला करू द्या, अडले तरच तोंड घाला.

प्रश्न : आमच्या विभागाला दर उपक्रमानंतर छायाचित्रे आणि लाभार्थींची संख्या द्यावी लागते. एकत्र स्वयंपाक केला, याचा अहवाल कसा लिहावा?
— एक प्राध्यापिका, बडोदे

उत्तर : राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याकडून दोन वर्षांत २४० तासांच्या कामाची अपेक्षा असते, तेव्हा दिनांक आणि तास यांची नोंदवही हा अहवालाचा मुख्य आधार ठेवावा. संख्येच्या रकान्यात किती विद्यार्थी गेले, वस्तीतील किती जण सामील झाले आणि कोणी काय शिकवले, हे वेगवेगळे लिहावे. छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे, मुलांचे घेताना आईवडिलांना विचारावे, आणि नकार मिळाल्यास कारण विचारू नये. काढलेल्या छायाचित्रांच्या छापील प्रती पुढच्या भेटीत ज्याच्या त्याच्या हाती द्याव्यात. हा खर्च विभागाने उचलण्यास हरकत नसावी.