सोडलेल्या घराचे वीजबिल

आपण विचारले आहे की नाशिकहून पत्नी आणि आठ वर्षांच्या मुलासह जर्मनीतील न्यूरेनबर्गला जायचे ठरले आहे, पहिले काही महिने कंपनीने दिलेल्या सुसज्ज घरात राहून मग स्वतःचे भाड्याचे घर घ्यायचे आहे, तर या घरबदलीत कोणती काळजी घ्यावी. व्हिसा, आरोग्य विमा आणि पत्त्याची नोंदणी यांबद्दल सरकारी संकेतस्थळांवर सगळे व्यवस्थित दिलेले आहे, म्हणून त्यात मी शिरत नाही. मी वीजबिलाबद्दल लिहिते, कारण न्यूरेनबर्गचे घर सोडून शेजारच्या एर्लांगन शहरात आल्यानंतरही आम्ही त्या जुन्या घराची वीज कितीतरी महिने भरत होतो, आणि आपला प्रश्न वाचल्यावर ते सारे पुन्हा वर आले.

आपल्याकडे भाडेकरू घर सोडतो तेव्हा विजेचा प्रश्न सहसा दारातच मिटतो. मीटर घरमालकाच्या नावावर असते, ग्राहक क्रमांक त्या घराचा असतो, शेवटचे बिल भरून किल्ली दिली की मागे काही उरत नाही. जर्मनीत मीटर घराचे असते, पण विजेचा करार माणसाचा असतो. घरभाड्यात पाणी, कचरा, जिन्याची साफसफाई आणि बहुतेक ठिकाणी हीटिंग यांचा आगाऊ हिस्सा धरलेला असतो. वीज मात्र भाडेकरूने स्वतःच्या नावावर घ्यायची असते, आणि स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघरात गॅसचा छोटा बॉयलर असेल तर गॅसचाही करार वेगळा करावा लागतो. घर सोडले, किल्ली दिली, नगरपालिकेत नवा पत्ता नोंदवला, तरी हा करार आपोआप संपत नाही. शिवाय कंपनीच्या सुसज्ज घराच्या भाड्यात बहुधा वीज धरलेलीच असते, त्यामुळे पहिल्या घरातून बाहेर पडताना हे काही शिकायला मिळत नाही आणि सगळी गुंतागुंत दुसरे घर सोडताना प्रथमच समोर येते.

आमच्या बाबतीत असे झाले की माझ्या पतीने करार संपवण्याचे पत्र साध्या टपालाने पाठवले आणि ‘ते आम्हाला मिळालेच नाही’ असे वीजकंपनीचे म्हणणे पडले. दर महिन्याचा ठरलेला हप्ता, ज्याला तिकडे आबश्लाग म्हणतात, बँकेतून थेट वळता होत राहिला. नव्या घरात आम्ही वेगळ्या कंपनीचा करार केला होता, त्यामुळे खात्यातून दोन हप्ते जात होते. तिथे सदनिकांना सहसा क्रमांक नसतात. टपालपेटीवर आणि बेलवर आडनाव असते, आणि टपाल त्या नावावरच येते. नव्या भाडेकरूने आपले नाव लावताच आमच्या नावाची पत्रे त्या पेटीत पडणे बंद झाले. पतीच्या ईमेलवर मधूनमधून फक्त ‘आपल्या खात्यात नवे कागदपत्र आले आहे’ एवढीच सूचना येत असे.

उलगडा झाला तो आयकराचे विवरणपत्र भरण्यासाठी बँकेची विवरणे काढून बसलो तेव्हा. आम्ही जुन्या कंपनीचे वार्षिक बिल उघडले. त्यात आम्ही घर सोडल्यानंतरच्या महिन्यांचाही वापर होता, आणि आम्ही तिघे तिथे राहत असताना लागत असे त्याहून तो जास्त होता. कोणीतरी तिथे रोज स्वयंपाक करत होते, कपडे वाळवण्याचे यंत्र चालवत होते, आणि त्याचे पैसे आमच्या खात्यातून जात होते. नवा भाडेकरू स्वतःचा करार करतो तेव्हा वीजजाळ्याच्या नोंदीत जुना करार सहसा उघडा पडतो. आमच्या जागी आलेल्या माणसाने तो केलाच नव्हता. मला त्या माणसाचा राग आला नाही, कारण कदाचित त्यालाही कोणी सांगितले नसेल. राग आला तो कंपनीच्या उत्तराचा, ज्यात आमच्या चार पानी पत्रातील एकाही मुद्द्याची दखल न घेता फक्त ‘करार वैध होता’ असे लिहिले होते.

आम्हाला तारले ते घर ताब्यात देतानाच्या पंचनाम्याने. त्यावर मीटरचा क्रमांक, त्या दिवशीचे रीडिंग, तारीख, आणि घरमालक व आम्ही अशा दोघांच्या सह्या होत्या. तो कागद आणि नवा भाडेकरू कधी आला याचे घरमालकाचे पत्र जोडल्यावर कंपनीने काही रक्कम परत केली. सगळी नाही. आपल्यालाही असा प्रसंग आला तर फेरब्राउखरत्सेंट्राले या ग्राहक सल्ला केंद्राकडे जा, आणि कंपनीला लेखी तक्रार करून चार आठवड्यांत समाधान झाले नाही तर बर्लिनमधील ऊर्जा तंटा निवारण संस्थेकडे, म्हणजे श्लिख्टुंग्सश्टेले एनर्गीकडे, अर्ज करा. ग्राहकाला त्याचे शुल्क पडत नाही. बँकेतून वळता झालेला हप्ता आठ आठवड्यांपर्यंत कारण न देता परत मागता येतो, पण रागाच्या भरात तसे करू नका. करार कागदोपत्री चालू असेल तर पैसे परत आले तरी देणे शिल्लकच राहते, आणि वर स्मरणपत्रांचे शुल्क लागते. आधी लेखी हरकत घ्या.

आता आपल्यासाठी एक गोष्ट आमच्या वेळेपेक्षा कडक झाली आहे. पूर्वी घर सोडल्यावर काही आठवड्यांनी कळवले तरी मागील तारखेपासून नोंद बदलता येत असे. ६ जून २०२५ पासून विजेच्या बाबतीत ती सोय बंद झाली आहे. घर सोडल्याचे आधीच कळवावे लागते, नाहीतर कळवेपर्यंतची वीज आपल्या नावावर पडू शकते. कायद्याने घरबदलीच्या कारणासाठी सहा आठवड्यांच्या सूचनेने करार मोडता येतो, परंतु त्या सूचनेत नवा पत्ता द्यावा लागतो, आणि जुन्या कंपनीने दोन आठवड्यांत त्याच अटींवर नव्या घरी वीज देण्याची लेखी तयारी दाखवली आणि तिथे तसा पुरवठा शक्य असला, तर करार पुढे चालू राहतो. म्हणून तिचे उत्तर येण्याआधी नव्या घरासाठी दुसरा करार करू नये. सूचना टपालाने पाठवण्यापेक्षा कंपनीच्या संकेतस्थळावरील करार रद्द करण्याच्या बटणावरून द्यावी. जुलै २०२२ पासून ते बटण ठेवणे बंधनकारक आहे आणि पोच लगेच मिळते. ती पोच जपून ठेवा. मीटरचा फोटो असा काढा की क्रमांक आणि आकडे एकाच चौकटीत येतील. टपाल नव्या पत्त्यावर वळवण्याचा अर्जही घर सोडण्याआधीच करा.

मुलाच्या शाळेबद्दल आपण एका ओळीत विचारले आहे, आणि तेही याच पत्त्याशी जोडलेले आहे. बव्हेरियात, म्हणजे न्यूरेनबर्ग ज्या राज्यात आहे तिथे, प्राथमिक शाळा राहत्या पत्त्याच्या हद्दीवरून ठरते. आम्ही घर बदलले ते भाडेकराराच्या तीन महिन्यांच्या सूचनेचा हिशेब धरून, आणि मुलीला चौथीच्या मध्यावर नवी शाळा, नव्या बाई आणि नवी मुले यांच्यात जावे लागले. त्या वर्षी जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांच्या गुणांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली, म्हणजे कमी (तिथे १ हा सर्वोत्तम गुण), असेल तर गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेत, थेट प्रवेश मिळतो. मुलीची सरासरी थोडक्यात हुकली. ती आज रेआलशूलमध्ये, म्हणजे मधल्या स्तराच्या माध्यमिक शाळेत, आनंदात आहे आणि तिथूनही पुढचे सगळे मार्ग उघडे आहेत, हे मला पूर्णपणे पटलेले आहे. तरी तो फेब्रुवारी आठवला की मला स्वस्थ बसवत नाही. विजेचे पैसे काही परत मिळाले, शाळेचे ते अर्धे वर्ष मिळाले नाही. आपला मुलगा तिसरीच्या पुढे जाण्याआधी कायमचे घर मिळवा, दोन खोल्या कमी मिळाल्या तरी चालेल.

एकटेपणाबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण तो प्रत्येकाला वेगळ्या वेळी गाठतो. एवढेच सांगते की पहिल्या वर्षी दिवसभरात माझे नाव लिहून माझ्यासाठी जे काही येत असे, ती ही पाकिटेच होती: वीजकंपनी, विमा, रेडिओ-टीव्हीचे प्रतिघर शुल्क. ती न समजणाऱ्या भाषेत असल्यामुळे मी ती टेबलावर रचून ठेवत असे आणि पती रात्री उशिरा दमून आल्यावर त्यांच्यापुढे ठेवण्याचे मला जिवावर येत असे. आपल्या पत्नीला पहिल्या महिन्यापासून या पत्रव्यवहारात बरोबरीने घ्या, करारांवर दोघांची नावे घाला, बँक खाते संयुक्त ठेवा. भाषेच्या वर्गाइतकेच ते महत्त्वाचे आहे.

आणखी एक सांगायचे आहे. सांगलीला सासऱ्यांचे घर बंद आहे. त्याचे महावितरणचे बिल दर महिन्याला येते, वापर शून्य असतो तरी स्थिर आकार असतो, आणि बिलावर अजून सासऱ्यांचे नाव आहे. ते मी फोनवरून भरते. वीजजोड कायमचा बंद करावा असे दिरांनी दोनदा सुचवले आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला. न्यूरेनबर्गच्या बिलासाठी मी एवढी भांडले आणि हे बिल मात्र विनातक्रार भरते, याचे कारण मला माहीत आहे आणि पतीलाही माहीत आहे. परत जायचे की नाही हे आम्ही अजून एकमेकांना विचारलेले नाही. आपण नाशिकचे घर भाड्याने देणार की बंद ठेवणार, वीज आणि मालमत्ता कर कोणाच्या नावावर राहणार, ते कोण भरणार, हे निघण्यापूर्वी घरच्यांसमोर ठरवून टाका. तिकडून ठरवणे फार अवघड जाते.

आणि कधीकाळी जर्मनी सोडायची वेळ आली तर तिथले बँक खाते लगेच बंद करू नका. विजेचा शेवटचा हिशेब करार संपल्यावर सहा आठवड्यांत येतो, परंतु पाणी-हीटिंगचा वार्षिक हिशेब पाठवायला घरमालकाला हिशेबाचे वर्ष संपल्यानंतर आणखी बारा महिने मिळतात, आणि त्यात आपल्याला परतावा निघाला तर तो घ्यायला खाते लागते.